चालत्या लिफ्टला हात लावू नये

आमच्या ह्यांना आमच्या रस्त्यावर कुणी नावानं हाक मारत नाही. किराणा दुकानात लिफ्टवाले, दवाखान्यात लिफ्टवाले, आणि मी लिफ्टवाल्यांची बायको. सगळा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्यात आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढण्यात गेला, पण स्वतः राहतात तळमजल्यावर. घर घेताना तिसऱ्या मजल्यावरचं हवेशीर सोडून हे अंधारं घेतलं. कारण काय, तर लिफ्टचा काय भरवसा. लोकांना हे सांगितलं की हसतात. त्यांना काय जातंय हसायला, भर दुपारी दिवा मला लावावा लागतो.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो त्यांनी धंद्यातच ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. चालत्या लिफ्टला हात लावायचा नाही. चाललीय ना, मग झाकण उघडू नका, पुसू नका, तेल घालू नका. उघडलं की काहीतरी निसटतं, आणि जी तक्रार नव्हती ती सुरू होते. लिफ्टपुरतं ठीक आहे हो. ह्यांनी तो नियम घराला लावला. नळ ठिबकतोय, पण पाणी येतंय ना? कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबतंय, पण लागतंय ना? माझे गुडघे दुखतात म्हटलं, तर म्हणे चालतेस ना. आमचा संसारही ह्यांनी असाच चालवला. चालू होता, म्हणून कधी उघडून बघितला नाही.

निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. कुठलं काय. ज्या कंपनीत होते ती बुडाली, पण तिच्या लिफ्टा काही बुडाल्या नाहीत. शहरातल्या चार-दोन जुन्या इमारतींत त्या अजून खडखडत वर-खाली करतात, आणि त्या दुरुस्त करणारे आता हेच उरलेत. त्या लिफ्टांच्या पॅनेलमध्ये एक हिरवं कार्ड असतं. दार किती वेळ उघडं ठेवायचं, कुठल्या मजल्यावर कसं थांबायचं, सगळं त्या कार्डात. ते बिघडलं की हे कार्ड काढून पिशवीत घालून घरी आणायचे, एका जाड केबलनं कॉम्प्युटरला जोडायचे, आणि कंपनीच्या जमान्यातला एक प्रोग्रॅम उघडून आकडे भरत बसायचे. काळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं. हा प्रोग्रॅम आता फक्त आपल्याकडेच, असं पाहुण्यांना सांगायची ह्यांना भारी हौस. पाहुणे मान डोलवायचे आणि चहा पिऊन जायचे.

हा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, खिडकीपाशी. टेबलाचा वरचा पत्रा एका मोडीत काढलेल्या लिफ्टच्या दाराचा. त्यावर अजूनही ‘टेकू नका’ असं लिहिलेलं आहे. मी रोज टेकते.

आता लेकीचं सांगते. आम्हाला ती एकच. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, तिलाही ते आवडत नाही. त्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून सांगते. तिच्या शाळेत दर शनिवारी आईवडलांसाठी वर्ग असायचा, हातांची भाषा शिकवायला. मी गेले. अंगात ताप घेऊन गेले, माहेरची लग्नं बुडवून गेले, आणि शिकले. ह्यांची शनिवारी नेमकी कुठेतरी लिफ्ट अडकायची. त्यामुळे बापाला खुणा येतात तीन: वर, खाली आणि थांब. त्याही खड्ड्यात उतरलेल्या मेकॅनिकनं वरच्याला करायच्या. पोरीला ताप चढला की हे वर, उतरला की खाली. एवढ्यावर त्यांनी बापपण निभावलं.

म्हणजे बघा, घरात माणसं तीन, भाषा दोन, आणि दोन्ही येणारी मी एकटी. बापलेकीचं जे काही बोलणं झालं ते माझ्यातून गेलं. हे तोंडानं बोलणार, मी ते हातांनी तिला सांगणार. ती हातांनी बोलणार, मी तोंडानं ह्यांना सांगणार. वाटतं तितकं सोपं नाही ते. ह्यांना साध्या गोष्टीचं रामायण करायची सवय. पाणी आलं का विचारलं तर टाकी कुणी बांधली तिथपासून सुरुवात. दोन हात किती पुरे पडणार? मी त्यातलं कामाचं तेवढं उचलून लेकीला सांगायची. पाखडल्याशिवाय कुणी धान्य शिजवतं का? लेकीचंही तसंच. ती बापावर चिडून काही बोलली तर मी ते गाळून, ‘तुमची आठवण काढते’ म्हणायची. घर चाललं ते त्याच्यावर. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, मी मागितलंही नाही.

लेक आता दुसऱ्या शहरात असते, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात. दर रविवारी आम्ही कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायचो. मोबाइलवर का नाही, असं सगळे विचारतात. माझ्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या अगदी मधोमध डाग पडलाय. डॉक्टर म्हणाले, वाढेल, कमी व्हायचा नाही. मोबाइलवर तिची पाच बोटं मला एकच पंजा दिसतात. हातांनी बोलणाऱ्या माणसाची बोटंच दिसली नाहीत तर उरलं काय? मोठ्या स्क्रीनवर ती मला दिसायची. तिचं बोट, नख, गालावरची खळी, सगळं. आठवडाभराचं माझं जे काही बोलणं होतं ते त्या तासाभरात व्हायचं. उरलेल्या वेळात घरात टीव्ही बोलायचा. टाइप कर म्हणावं तर तिला कंटाळा. चालणाऱ्या माणसाला रांगायला सांगितल्यासारखं वाटतं तिला ते.

तर अशात एक दिवस स्क्रीनवर एक चौकोन आला. तुमच्या कॉम्प्युटरची सिस्टीम जुनी झाली आहे, ती नवीन करा. खाली दोन बटणं: ‘आता करा’ आणि ‘नंतर आठवण करा’. ह्यांनी ‘नंतर’ दाबलं. दुसऱ्या दिवशी चौकोन परत आला, ह्यांनी परत ‘नंतर’ दाबलं. मग रोज सकाळी तोंड धुतलं की पहिलं काम तेच. मी बघत राहायची. त्या कॉम्प्युटरचंच कशाला घ्या, ह्यांनी सगळ्यालाच ‘नंतर’ दाबलेलं आहे.

मग रविवारी ज्यावर बोलायचो त्या व्हिडिओ कॉलवाल्यांचीही सूचना आली. या महिन्यानंतर जुन्या सिस्टीमवर आमचं काही चालणार नाही. मी ती ह्यांना वाचायला लावली. दोनदा लावली. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं की नवीन सिस्टीमवर लिफ्टचा प्रोग्रॅम चालत नाही, म्हणून सिस्टीम बदलायची नाही. विषय संपला.

संपतो कशाला. भांडण महिनाभर चाललं. मी म्हटलं, मला दुसरा कॉम्प्युटर घ्या. म्हणाले, नंतर बघू. मी म्हटलं, मग तुमच्यासाठी दुसरा घ्या. म्हणाले, नव्या कॉम्प्युटरला जाड केबलचं भोक नसतं. मी म्हटलं, शेजारणीनं केली तिची सिस्टीम नवीन, काही आभाळ कोसळलं नाही. म्हणाले, शेजारणीच्या कॉम्प्युटरच्या जिवावर कुणी चौथ्या मजल्यावर जातं का? असं उलट बोललं की ह्यांना जिंकल्यासारखं वाटतं, आणि हे मिशीतल्या मिशीत हसतात. ते हसू बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

“चालतंय ना?” हे शेवटी म्हणाले. “मग कशाला हात लावायचा?”

“तुमचं चालतंय,” मी म्हटलं. “माझं बंद होणार आहे.”

यावर ह्यांनी पिशवी उचलली आणि कुठल्याशा इमारतीत निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट सांगते. लेक रडवेली झाली होती. तिच्या मशीनवर घासलेल्या काचांना कडेला चरे पडत होते, आणि मुकादम म्हणत होता की हिचं लक्ष नसतं. असंच चाललं तर मशीनवरून काढून पॅकिंगला टाकीन, असं त्यानं लिहून दाखवलं होतं. ते मशीन तिनं किती झगडून मिळवलं ते मला माहीत आहे. बहिऱ्या मुलीला मशीन द्यायला कुणी तयार नव्हतं.

हे दारात उभे होते. रविवारी त्यांची जागा तीच, आत यायचं नाही, बसायचं नाही, चौकटीला टेकून मध्येच एखादं वाक्य टाकायचं. मी लेकीचं म्हणणं सांगितलं, आणि ह्यांच्या अंगात संचारलं. म्हणाले, पोरीची चूक नाही, शाफ्टचं बेअरिंग गेलं असणार. तिला सांग, मशीन चालू असताना वरच्या झाकणावर तळहात ठेव. बारीक थरथर सारखी असेल तर ठीक, मध्येच ठेच लागल्यासारखी थरथरली तर बेअरिंग गेलं समज. त्याला कान लागत नाहीत, हात लागतो, आणि तिचा हात इतरांपेक्षा शहाणा आहे. मुकादमाला म्हणावं, आधी उघडून बघ आणि मग पोरीला बोल. मग कुठल्याशा इमारतीतल्या मोटारीची गोष्ट, मग तिथल्या मालकाची गोष्ट. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. सकाळीच ह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत ‘नंतर’ दाबलं होतं, त्याची धग अजून होती. बेअरिंगची खूण मला येत नाही, शाफ्टची येत नाही. आणि गॅसवर दूध उतू चाललं होतं.

मी लेकीला हातांनी सांगितलं, बाबा म्हणतात, काम लक्ष देऊन नीट कर.

तिनं मान खाली घातली आणि हलवली. हे दारातून म्हणाले, समजलं का तिला? मी म्हटलं, समजलं, आणि दूध बघायला उठले.

महिना संपला. रविवारी मी केस विंचरून टेबलाशी बसले, तर स्क्रीनवर नुसता करडा चौकोन. बटण दाबलं की तीच सूचना. मग मोबाइल काढला, कपाटाला टेकवून ठेवला, डोळे ताणून बघितलं. लेक काहीतरी विचारत होती. मी म्हटलं, हो, हो, जेवले. तिनं परत विचारलं, मी परत तेच म्हटलं. ती विचारत होती डोळ्यांच्या तपासणीचं. ते मला नंतर कळलं, तिनं लिहून पाठवलं तेव्हा. पुढच्या रविवारीही असंच. त्याच्या पुढच्या रविवारी ती चिडली, दोन्ही हात झटकले आणि फोन बंद केला. तिचे झटकलेले हात तेवढे मला नीट दिसले.

मी आतल्या खोलीत बघितलं. हे काळ्या पडद्यावर पिवळे आकडे भरत बसले होते. माझी लेक माझ्या डोळ्यांसमोरून चालली होती, आणि ह्यांचं कुठल्या तरी मजल्यावरचं दार किती वेळ उघडं राहावं हे चाललं होतं. मला त्या माणसाचा राग आला, असा राग की काय सांगू. मी ठरवलं, बस.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटरवाला पोट सुटलेला, पन्नाशीचा, सतत कुठेतरी उशीर झाल्यासारखा. हे एका इमारतीत कार्ड काढायला गेल्यावर मी त्याला बोलावून आणलं. त्यानं मशीन उघडून बघितलं, म्हणाला, नवीन सिस्टीम बसेल, जेमतेम बसेल. मग त्याला काळ्या पडद्याचा प्रोग्रॅम दिसला. म्हणाला, काकू, हा नंतर चालायचा नाही. एक करता येईल. दुकानातून वेगळी डिस्क आणतो, जुनं सगळं तिच्यावर ठेवतो, म्हणजे दोन्ही राहील. सुरू करताना कुठलं हवं ते निवडायचं. फक्त संध्याकाळपर्यंत वेळ लागेल.

हे दुपारी जेवायला येणार होते. आले असते तर दारातच आडवे पडले असते. आणि खरं सांगायचं तर दोन्ही राहावं असं मला वाटतही नव्हतं. दोन्ही राहिलं असतं तर रविवारीसुद्धा हे म्हणाले असते, थांब, माझं एवढं होऊ दे, नंतर बस.

“काकांना विचारलंय ना?” त्यानं विचारलं.

“घर माझंही आहे,” मी म्हटलं. “करा.”

त्यानं खांदे उडवले आणि केलं. निळा पडदा आला, गोल चक्र फिरत राहिलं. मी शेजारी बसून बघत होते. लग्न झाल्यापासून या घरात पहिल्यांदाच एक गोष्ट मी ‘आता’ केली होती.

हे आले ते पिशवीत कार्ड घेऊनच. हात धुतले, जेवले, आतल्या खोलीत गेले. मी भांडी घासत होते.  आतून केबल काढल्याचा, परत लावल्याचा आवाज. परत काढल्याचा. मग हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“कुणी केलं?”

“मी.”

“विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं. तुम्ही नंतर म्हणालात.”

ओरडतील असं वाटलं होतं. त्याची मी तयारीही करून ठेवली होती, कुठल्या शब्दाला कुठला शब्द ते. ते ओरडले नाहीत. कपाटातून त्या प्रोग्रॅमची सीडी काढली, तिच्यावर एवढ्या रेघा की मांजरानं नखं घासलीयेत असं वाटावं. ती आणि कार्ड घेऊन कोपऱ्यावर गेले. तासाभरानं आले. सीडी वाचली जात नव्हती, आणि जुनं तर पुसलंच गेलं होतं. कार्ड त्यांनी एका फडक्यात गुंडाळलं आणि परत बाहेर पडले, इमारतीच्या लिफ्टला ‘बंद’ची पाटी लावायला.

दुसऱ्या दिवशी त्या इमारतीतला शिंपी आमच्या दारात आला. त्याचं काम चौथ्या मजल्यावर, कापडाचे गठ्ठे जिन्यानं चढवून त्याचा श्वास फुललेला. त्यानं ह्यांना उभ्या उभ्या धुतलं. एवढी वर्षं तुमच्या भरवशावर राहिलो, म्हणाला, आणि तुम्ही कार्ड घेऊन गेलात ते मढंच परत आणलंत. हे ऐकून घेत होते. म्हणाले, प्रोग्रॅम गेला. कुणी घालवला ते म्हणाले नाहीत. मी पडद्याआडून ऐकत होते. माझं नाव घेतलं नाही म्हणून काय मी त्यांचे पाय धरायचे? मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. शिंप्याचं थोडं वाटलं.

मग अबोला. आमच्या घरात बोलणं आधीच बेताचं, त्यामुळे अबोला धरलाय हे कळायलाच वेळ लागला. ताट वाढलं की जेवायचे, चहा ठेवला की प्यायचे. पिशवी खुंटीला लटकत राहिली. तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवसांत मी गुणगुणत काम करायची. मुद्दाम.

आणि रविवार आला. मी टेबलाशी बसले, बटण दाबलं, आणि लेक आली. केवढी मोठी, केवढी स्वच्छ. तिनं दोन्ही हात वर करून नाचवले आणि मला त्यातलं प्रत्येक बोट दिसलं. मी रडले, त्याची मला लाज नाही. आम्ही बोललो, भराभर, एकमेकींचं तोडत, जसं नेहमी बोलतो तसं. ह्यांना त्या दिवशी कुठे जायचं नव्हतं. आता कुठल्याच दिवशी कुठे जायचं नव्हतं. ते आत येऊन माझ्यामागे पलंगाच्या कडेला बसले.

लेकीला ते दिसले. रविवारी तिनं कधी बापाला असं बसलेलं बघितलं नव्हतं. ती जरा थांबली, मग तिकडे काहीतरी दाबायला लागली. मला म्हणाली, नवीन सिस्टीम आली ना तुमच्याकडे, मग एक गंमत आहे.  तिनं मला हातांनी सांगितलं, आता तिथे कुणी तोंडानं बोललं की मला ते इथे लिहून दिसेल. बाबांना सांग, बोला.

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. मला वाटलं, ह्यांचं मिशीतलं पुटपुटणं माणसांना कळत नाही, मशीनला काय कळणार.

स्क्रीनच्या खाली एक काळी पट्टी आली, आणि हे पुढे वाकले. लिफ्टमधला फोन तपासताना म्हणतात तसं म्हणाले, एक, दोन, तीन. पट्टीत अक्षरं आली: एक दोन तीन. लेकीनं तीन बोटं वर केली. हे हसले. तीही हसली. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि त्यात मला काही काम नव्हतं.

मग ह्यांची टाकी फुटली. जन्मभर साठवलेलं असावं तसं बोलायला लागले, आणि पट्टी भरून वाहायला लागली. तू बारीक झालीस, म्हणाले. खोलीत हवा येते का, म्हणाले. तुझ्या आईनं माझं काम बंद केलं, हेही म्हणाले, मला न विचारता केलं. पण तुझं तोंड आता मोठं दिसतं. लेक वाचत होती. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे पळत होते, आणि माझ्याकडे येतच नव्हते. मी हात वर करून काही सांगायला गेले, तर तिनं बघितलंच नाही.

“त्या मशीनचं काय झालं?” हे म्हणाले. “बेअरिंग बदललं का त्यांनी?”

लेकीनं वाचलं. कपाळाला आठी घातली. हातांनी विचारलं, कुठलं बेअरिंग?

ह्यांना तेवढं तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. “मागे सांगितलं होतं की. झाकणावर तळहात ठेवून बघ म्हणालो होतो. ठेच लागल्यासारखं थरथरतं का ते. तुझी चूक नाही म्हणालो होतो.”

लेकीनं ते वाचलं. परत वाचलं. मग तिचे हात चालायला लागले, हळूहळू, एकेक खूण सुटी सुटी करून, लहान मुलाला सांगावं तशी. म्हणाली, हे माझ्यापर्यंत आलंच नाही. काम लक्ष देऊन कर, एवढंच आलं. मी मुकादमाची माफी मागितली. मशीन गेलं माझं, मी आता पॅकिंगला आहे. मग विचारलं, आई, बाबा नेहमी इतकं बोलतात?

“काय म्हणतेय?” ह्यांनी मला विचारलं.

पोरीसमोर मी जन्मभर तोंडानं काय वाटेल ते बोलत आले. शेजारणीबद्दल, तिच्या आत्याबद्दल, तिच्या लग्नाबद्दल, आणि ती आमच्या तोंडाकडे बघत बसायची. तोंडानं बोललेलं ह्यांच्यासाठी, हातानं बोललेलं तिच्यासाठी, दोन्हींच्या मध्ये भिंत. ती भिंत आता राहिलेली नाही, हे मला माहीत होतं. समोर पट्टी दिसतही होती. पण सवय.

“काही नाही,” मी म्हटलं. “मशीन ठीक आहे म्हणतेय.”

आणि ते आलं. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर, काळ्या पट्टीत, माझ्या अधू डोळ्यांनाही वाचता येईल असं: काही नाही मशीन ठीक आहे म्हणतेय.

लेकीचे हात हवेत होते ते तिथेच राहिले. तिनं माझा आवाज कधी ऐकलेला नाही. माझ्या तोंडचं तिला कळलेलं पहिलं वाक्य ते.

मी हातांनी भराभर सांगायला लागले, की बेअरिंगची खूण मला येत नव्हती, दूध उतू चाललं होतं, तुला त्रास नको म्हणून गाळलं. तिनं बघितलं नाही. ती खुर्चीवरून उठून गेली आणि कागद आणि जाड पेन घेऊन आली. मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कागद बापापुढे धरला. ह्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मोठ्यानं वाचलं: “बाबा, मशीन ठीक नाही. मला काढलं.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले असते तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं होती. एवढंच म्हणाले, “जरा सरक.”

त्या खोलीत खुर्ची एकच आहे. मी उठले, ते बसले. हे बोलत होते, ती वाचत होती. ती लिहून धरत होती, हे वाचत होते. आता मनातल्या मनात वाचत होते. मी दाराशी उभी होते. एवढ्या लांबून पट्टीतलं मला दिसत नाही, कागदावरचं तर मुळीच नाही. एका कागदावर तिनं बराच वेळ लिहिलं. ह्यांनी तो वाचला आणि मान हलवत राहिले.

“काय म्हणतेय?” मी विचारलं.

हे वळलेसुद्धा नाहीत. “काही नाही,” म्हणाले.